मंत्रिमहोदय, कराचीवर विक्रांत गेली नव्हती

मा. मंत्रिमहोदय यांस,
सादर नमस्कार.

आपलं नाव आणि खातं या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. आपल्याला कळेल, आपल्या स्वीय सहायकांना कळेल, आणि आमच्या तालुक्यात ते सांगायची कुणाला गरज नाही. मी तापीकाठच्या गावातला शेतकरी, नौदलाच्या मिसाईल बोटींवर इंजिनरूममध्ये नोकरी करून निवृत्त झालेला. गेल्या नौदलदिनी, म्हणजे 4 डिसेंबरला, आपण आमच्याकडे आला होता. एसटी स्टँडसमोर मंडप होता, आम्हा माजी सैनिकांना शाल-श्रीफळ दिलंत आणि माईकवरून शब्द दिलात की या चौकात चौथरा बांधू, 1971च्या युद्धात लढलेल्या नौकांची खूण त्यावर ठेवू, आणि सैन्यात जाऊ पाहणाऱ्या पोरांसाठी भरतीपूर्व वर्ग सुरू करू.

चौथरा झाला. मागच्या आठवड्यात त्यावर ‘आय लव्ह’ आणि पुढे गावाचं नाव अशी लाल दिव्यांची अक्षरं बसली. शेजारी आपला हसरा फोटो, खाली ‘सौजन्य’. त्याच आठवड्यात, चौथऱ्यावर नौकांची खूण ठेवा या माझ्या अर्जाला आपल्या कार्यालयाचं उत्तर मिळालं. मजकूर एका ओळीचा: ‘तालुका समुद्रकिनाऱ्यापासून दूर असल्याने सदर मागणी व्यवहार्य नाही.’

मंचावर शब्द देताना समुद्र जवळ होता का? मध्ये तो कुठे सरकला?

आणखी एक गोष्ट त्या दिवसापासून मनात सलते आहे. भाषणात आपण म्हणालात, ‘आपल्या विक्रांतने कराची पेटवली.’ टाळ्या पडल्या. महोदय, विक्रांत ही विमानवाहू नौका तेव्हा बंगालच्या उपसागरात होती, तिची विमानं चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले करत होती. कराचीवर गेल्या त्या तीन छोट्या बोटी: निपात, निर्घात आणि वीर. लांबी चाळीस मीटरसुद्धा नाही, वजन दोनशे टनांच्या आसपास, आत तीसेक माणसं. सोबत किल्तन आणि कच्छल या दोन मोठ्या नौका. कमांडर बब्रूभान यादव यांच्या हुकमतीखाली 4 डिसेंबर 1971च्या रात्री त्यांनी खैबर ही विनाशिका बुडवली, मुहाफिज हा सुरुंगशोधक बुडवला, दारूगोळा घेऊन येणारं व्हीनस चॅलेंजर नावाचं मालवाहू जहाज बुडवलं. आपला एकही माणूस गेला नाही. चार दिवसांनी विनाश ही एकच मिसाईल बोट तलवार आणि त्रिशूल यांच्यासोबत पुन्हा गेली आणि कराची बंदरातल्या किमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. ज्या रात्रीमुळे 4 डिसेंबर हा नौदलदिन झाला, त्याच दिवशीच्या भाषणात त्या रात्रीच्या बोटींचं नावही निघू नये, याचं आम्हाला काय वाटलं असेल?

या बोटी म्हणजे काय, ते आता नीट ऐकाच, कारण तुमच्या कार्यालयाला वाटतंय की मी बागेत ठेवायला एखादं खेळणं मागतोय. ओसा जातीच्या या बोटी रशियाने स्वतःच्या किनाऱ्याच्या राखणीसाठी बनवल्या होत्या. बंदरातून सुसाट निघायचं, शत्रूचं जहाज टप्प्यात आलं की क्षेपणास्त्र सोडायचं आणि परत फिरायचं. वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या घरात, म्हणजे पाण्यावर अफाटच. क्षेपणास्त्रं चार, पल्ला चाळीस किलोमीटरच्या आसपास, प्रत्येकाच्या टोकाला जवळपास अर्धा टन स्फोटकं. एवढ्याशा बोटीवर एवढा मारा, आणि म्हणूनच मोठ्या आरमारांनी त्यांची धास्ती घेतली. ऑक्टोबर 1967 मध्ये पोर्ट सैदजवळ इजिप्तच्या अशाच छोट्या बोटींनी इस्रायलची एलात ही विनाशिका बुडवली होती, ते सगळ्या जगाने पाहिलं होतं. पण या बोटींत इंधन थोडं, त्यांचा पल्ला तोकडा. किनारा सोडून दूरच्या शत्रूवर चालून जाणं त्यांच्या बनावटीतच नव्हतं.

ते आपल्या नौसैनिकांनी घडवून आणलं. बोटी 1971च्या सुरुवातीला रशियातून आल्या त्या कलकत्त्याला उतरवल्या, कारण एवढं वजन उचलणारी क्रेन मुंबईत नव्हती. तिथून त्या मोठ्या जहाजांमागे दोरखंडाने ओढत मुंबईला आणल्या. ओढून आणता येतात तर लढाईला ओढून नेताही येतील, हा विचार तिथेच रुजला. व्लादिवोस्तोकच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत शिकून आलेली ही माणसं हल्ल्याच्या वेळी वायरलेसवर आपसात रशियनमध्ये बोलत होती, ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून. त्यांनी अवजार असं वापरलं की ते बनवणाऱ्यानेही तसा विचार केला नव्हता. अडचणीतून वाट काढणं आम्हा कोरडवाहू शेतकऱ्यांना नवीन नाही, म्हणून मला या गोष्टीचा एवढा अभिमान आहे आणि तो आमच्या पोरांना कळावा असं वाटतं.

मी स्वतः त्या युद्धात नव्हतो. नंतरचा. 1976-77 मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या ओसा बोटींवर, चमक, चपल, प्रताप, प्रबळ यांच्या ताफ्यात, माझी उमेदीची वर्षं गेली. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत इंजिनं शिकलो आणि थेट त्या लोखंडी पेटीत उतरलो. एका बोटीत तीन डिझेल इंजिनं, प्रत्येकी पाच हजार अश्वशक्तीचं. एका इंजिनाला 56 सिलिंडर. रावेर-यावलच्या माणसाला सांगायचं तर केळीच्या घडाला जशा चौफेर फण्या असतात, तशा मधल्या दांड्याभोवती सात रांगा, एकेका रांगेत आठ सिलिंडर. तिन्ही इंजिनं पुऱ्या वेगात असली की आतला माणूस शेजारच्याशी बोलू शकत नाही, हाताच्या खुणा कराव्या लागतात. आवाज कानाने ऐकू येत नाही, बरगड्यांत जाणवतो. कानावर लावायला होतं, पण घामाने ते निसटायचं आणि सूचना समजून घ्यायला काढावंही लागायचं.

त्यात माझे दोन्ही कान गेले. आज डावा पूर्ण बंद आहे, उजव्यात यंत्र घालून थोडंफार. बायको स्वयंपाकघरातून हाक मारून थकते आणि शेवटी उठून समोर येऊन उभी राहते. नातवाचं शाळेतलं गाणं मी त्याच्या ओठांवरून बघितलं. कानात अखंड शिट्टी वाजते, रात्रीही थांबत नाही. झोपेची गोळी घेतली तर सकाळी वावरात पाय लटपटतात. वैद्यकीय मंडळाने कागदावर लिहिलं: बहिरेपण वयोमानानुसार, सेवेशी संबंध नाही. मी नोकरी सोडली तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती आणि तेव्हाही ऐकायला कमीच येत होतं. अपील केलं, त्याचं उत्तर आलं की नोकरीच्या काळातले तपासणीचे कागद जोडा. कागद कुणाकडे असतात? त्यांच्याचकडे. पेन्शन चालू ठेवायला हयातीचा दाखला लागतो, मोबाइलवर आकडा येतो, तो सांगणारा फोनवर बोलतो आणि मला एक शब्द कळत नाही. मुलगा पुण्याला कामाला आहे, त्याला दरवेळी रजा टाकायला लावायची का?

2020 मध्ये राज्य सरकारने माजी सैनिकांना घरपट्टी माफ केली. मी अर्ज घेऊन गेलो. कॉम्प्युटरमधून मान वर न काढता तिथला माणूस म्हणाला, ‘बाबा, नेवीवाल्यासले हाई सवलत नही शे.’ सैनिक म्हणजे फक्त बंदूकवाला जवान, हे त्यांना कुणी शिकवलं? नियम दाखवला तर साहेबांची सही आणा, साहेब मीटिंगला. घरपट्टी मी भरतोय. रकमेचा प्रश्न नाही, मला सैनिक म्हणायचं की नाही हे खिडकीतला माणूस ठरवतो, याचा प्रश्न आहे.

आता त्या ‘व्यवहार्य नाही’कडे येतो. कल्याणला दुर्गाडी किल्ल्यापाशी नौदलाची टी-80 ही निवृत्त वेगवान हल्ला नौका आणून ठेवली. कारवारच्या टागोर किनाऱ्यावर आयएनएस चपल संग्रहालय म्हणून उभी आहे, माझ्या ताफ्यातलीच ती, तिकीट काढून लोक आत जातात. मी बोट मागितलीच नव्हती. माझा अर्ज पुन्हा वाचा, वाचला असेल तर. मी मागितलं होतं एक जुनं इंजिन, आणि निपात, निर्घात, वीर, विनाश ही नावं कोरलेली एक फरशी. इंजिन ट्रकवर येतं. आमच्या आयटीआयची पोरं ते उघडं बघतील. शेजारीच भुसावळ आणि वरणगावला आयुध कारखाने आहेत, खान्देशच्या हातांनी देशाचा दारूगोळा घडवला आहे. आणि समुद्राच्या अंतराचं म्हणाल तर आमच्या दारावरून वाहणारी तापी सुरतेपलीकडे समुद्रालाच मिळते.

पण तुमच्या सरकारांना, कुठल्याही पक्षाच्या, समुद्र लागतो तो फोटोपुरता. ज्या विक्रांतचं नाव घेऊन तुम्ही टाळ्या मिळवल्या, तिचं पुढे काय झालं? 1997 मध्ये ती निवृत्त झाली, संग्रहालय करू म्हणून वर्षानुवर्षं मुंबईत उभी ठेवली, पैसे नाहीत म्हणून साठ कोटींच्या आसपास भंगारात विकली आणि 2014 मध्ये तोडली. 4 डिसेंबर 2023ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा उभा केला, नौदलदिनाच्याच मुहूर्तावर. नऊ महिने पुरे व्हायच्या आत, 26 ऑगस्ट 2024ला, तो कोसळला. ज्या राजाने या देशात आरमार उभं केलं त्याच्या पुतळ्याचं हे झालं, तिथे माझ्या इंजिनाची काय कथा! आमच्या गावच्या त्या दिवसाच्या मंडपावर, गाड्यांवर, हारांवर दहा-बारा लाख उडाले असं पारावर बोलतात. आकडा चूक असेल तर बरोबर आकडा तुम्ही जाहीर करा. तेवढ्यात माझी फरशी झाली असती, आणि भरतीच्या वर्गाचं वर्षभराचं भाडंही निघालं असतं.

त्या वर्गाचं तर नावच कुणी काढत नाही. पहाटे चार वाजता आमच्या पोरांचे थवे हायवेच्या कडेने पळतात, अंधारात, ट्रकच्या उजेडात. मैदान नाही, शिकवायला कुणी नाही. अग्निवीर होऊन गेलं तरी चार वर्षांनी चारातल्या तिघांनी घरी यायचं. घरी येऊन काय करायचं? कापसाला भाव नाही. तापीवरचं पाडळसऱ्याचं धरण माझ्या मुलाच्या शाळेच्या दिवसांपासून बांधतात, दरवाजे, निधी, सुधारित मान्यता, पुन्हा निधी. तापी दर पावसाळ्यात भरून गुजरातला जाते आणि उन्हाळ्यात आमच्या विहिरी तळ दाखवतात. खान्देशाला मुंबईत कुणी ओळखतच नाही, भरीत आणि केळी सोडून. मतं मोजताना मात्र आमचा तालुका कधी दूर पडला नाही.

आणि छोट्या बोटींचा काळ संपला असंही कुणी समजू नये. फेब्रुवारी 2024 मध्ये युक्रेनने बिनमाणसाच्या छोट्या बोटी सोडून क्रिमियाजवळ रशियाची इव्हानोवेत्स ही क्षेपणास्त्र नौका बुडवली. रशियाच्या त्या नौकेच्या कुळातल्याच नौका आपल्याही नौदलात आल्या, त्यातली निशंक जून 2022 मध्ये निवृत्त झाली. किनाऱ्याजवळच्या लढाईचे डाव अजून लहान बोटीच फिरवतात. हे पोरांना शाळेत कोण सांगतं?

आता तुम्ही काय करायचं ते लिहितो. चौथऱ्यावरची अक्षरं काढा, दुसऱ्या चौकात लावा, माझी हरकत नाही. नौदलाकडे इंजिनासाठी रीतसर पत्र पाठवा आणि त्याची प्रत मला द्या. भरतीचा वर्ग येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू करा. इंजिनं आणि समुद्राची भाषा मी फुकट शिकवीन, पोरं मोठ्याने बोलतील. घरपट्टीच्या खिडकीवर ‘भूदल, नौदल, वायुदल’ असे तीन शब्द लिहून लावा. हे होईपर्यंत येत्या 4 डिसेंबरला मला शाल पाठवू नका, मी मंचावर येणार नाही आणि माझ्यासोबतचे आणखी दोघे माजी नौसैनिकही येणार नाहीत.

उत्तर लेखी द्या, सही-शिक्क्यानिशी. ‘साहेब तुमच्याशी बोलतील’ असा फोन करवू नका, मला ऐकू येत नाही.

आपला,
एक माजी नौसैनिक (इंजिनरूम),
तापीकाठ, खान्देश