सातवीच्या मुलांना शक्यता शिकवणे हा जुगार नव्हे, मंत्रीमहोदय

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात शाळेची तपासणी झाली. साहेब वर्गात आले तेव्हा माझी सातवीची मुले शक्यता समजून घ्यायला जमिनीवर गोल करून बसली होती, तिसऱ्या या खाण्याच्या समुद्री जिवांचे शिंपले उडवत होती आणि कुठल्या अंगावर पडले ते वहीत रेघा मारून नोंदवत होती. साहेबांनी दारातूनच विचारले, "बाई, जुगार शिकवता की काय?" शेरेबुकात शेरा पडला, "अभ्यासक्रमाबाहेरील वेळखाऊ उपक्रम टाळावेत." दुसऱ्याच दिवशी व्हरांड्यातल्या भिंतीवरचा आमचा पावसाचा तक्ता पांढऱ्या रंगाखाली गेला. तिथे कुठल्याशा योजनेचे बोधवाक्य रंगवायचे होते.

तो तक्ता काय होता ते आपल्याला सांगते, कारण ज्यांनी तो पुसायला लावला त्यांनी विचारले नाही. डावीकडे तारीख. मधे आदल्या संध्याकाळी मोबाइलवर दिसलेला पावसाच्या शक्यतेचा टक्का. उजवीकडे दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष पाऊस पडला की नाही. बाटलीचे तोंड कापून, पट्टी चिकटवून मुलांनीच पर्जन्यमापक केला होता. जुलैत आमच्याकडे रोजच पाऊस, त्यामुळे तक्त्याचा खरा कस लागायचा शाळा उघडल्यावरच्या जूनच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात. सत्तर टक्के सांगितलेले सगळे दिवस मुले एकत्र काढायची आणि त्यांतल्या किती दिवशी पाऊस आला ते मोजायची. दहातल्या सातांच्या आसपास आला, तर अंदाज चांगला. उरलेल्या तीन दिवशी पाऊस आला नाही म्हणून अंदाज खोटा ठरत नाही. सातवीतल्या मुलाला हे कळते, मी रोज पाहते. त्याच्या घरातल्या मोठ्यांना मात्र कळत नाही, कारण त्यांना कोणी कधी शिकवलेच नाही. "हवामान खात्याचा काय खरा नसता," हे वाक्य आमच्या किनाऱ्यावर लहानाचे मोठे होताना प्रत्येकाच्या कानावर पडते.

या वाक्याने माणसे मरतात, महोदय. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आमच्या दारावरून गेले आणि कलमे मुळासकट उपटून गेले. त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये फयानने समुद्रात गेलेल्या खलाशांचे प्राण घेतले. मधल्या काळात कितीदा तरी बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला आणि काहीच झाले नाही. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणतो, मागच्या वेळी होडी शाकारून बसलो, हंगामाचा धंदा बुडाला, वारा कुठे आला? आणि पुढच्या वेळी तो जातो. धोका दहातला तीन असेल तर दहातल्या सात वेळा काही होणारच नाही आणि तरीही दहाही वेळा होडी किनाऱ्यावरच ठेवायला हवी, एवढे एक गणित त्याला बाराव्या वर्षी समजले असते तर?

चिपळूणचेच घ्या. २६ जुलै २००५ ला पूर आला तेव्हा लोक म्हणाले, असा पूर शंभर वर्षांतून एकदा. म्हणजे आता नातवंडांच्या काळापर्यंत निश्चिंत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी पुन्हा बाजारपेठेत शिरली. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता, आणि मागच्या वर्षी काय झाले हे पुढच्या वर्षाला ठाऊक नसते. मी हे मुलांना मण्यांनी शिकवते. पिशवीत नव्याण्णव पांढरे मणी, एक लाल. न बघता एक मणी काढायचा, रंग लिहायचा, परत टाकायचा, पिशवी हलवायची. असे तीस वेळा, कारण घराचे कर्ज साधारण तेवढी वर्षे फेडायचे असते. वर्गातल्या चार गटांत एखाद्या गटाच्या हाती बहुतेकदा लाल येतो. हिशेब केला तर तीस वर्षांत एकदा तरी पूर येण्याची शक्यता २६ टक्के निघते. 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकून पूररेषेत घर बांधणाऱ्याला हा आकडा कोणी सांगितला होता का?

आता अभ्यासक्रमाबद्दल. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकांत शक्यता हा विषय पहिल्यांदा येतो दहावीत, गणित भाग १ च्या पाचव्या प्रकरणात. नमुना अवकाश, घटना, समसंभाव्य निष्पत्ती असे शब्द एकदम अंगावर येतात आणि मुले वरती हव्या त्या निष्पत्तींची संख्या n(A), खाली सगळ्या निष्पत्तींची संख्या n(S) असे सूत्र पाठ करून परीक्षेतले गुण घेऊन मोकळी होतात. सहावी, सातवी, आठवीत काही नाही. केंद्राच्या एनसीईआरटीच्या जुन्या सातवी-आठवीच्या पुस्तकांत शक्यतेची ओळख होती, आपल्या मुलांना ती नाही. दहावीच्या त्याच प्रकरणात बावन्न पत्त्यांची उदाहरणे छापली आहेत, त्यावर कोणी जुगाराचा शेरा मारल्याचे मी ऐकले नाही. मारायचाच तर तिथे मारा. माझ्या मुलांच्या हातात पत्ते नव्हते, शिंपले होते.

शिंपलेच का, तेही ऐका. नाण्याच्या दोन बाजू सारख्या, म्हणून मुले न उडवताच 'अर्धे-अर्धे' सांगतात. मग त्यांना वाटते, जिथे दोनच गोष्टी होऊ शकतात तिथे प्रत्येकीची शक्यता अर्धीच. पाऊस पडेल किंवा पडणार नाही, म्हणजे पन्नास टक्के. शिंपल्याला दोनच अंगे आहेत, पण ती सारखी नाहीत. कुठले अंग किती वेळा येईल हे पुस्तकात नाही, गुरुजींनाही माहीत नाही. उडवून, मोजूनच काढायचे. पहिल्या दहा वेळांत प्रत्येक गटाचे उत्तर वेगळे येते, मुले भांडतात. सगळ्या गटांची बेरीज केली की आकडा एका जागी थांबायला लागतो. त्या क्षणी मुलांचे चेहरे बघायला साहेबांनी पाच मिनिटे थांबायला हवे होते.

दोन नाणी एकदम उडवली तर 'दोन्ही छापे, दोन्ही काटे, एकेक' अशा तीनच गोष्टी, म्हणून प्रत्येकीची शक्यता एक तृतीयांश, असे माझा प्रत्येक वर्ग सांगतो. यात मुलांचा काही दोष नाही. डालंबेर हा फ्रान्सचा नामांकित गणिती, त्यानेही १७५४ मध्ये दोन नाण्यांच्या हिशेबात याच जातीची चूक करून ठेवली. फळ्यावर लिहून ही चूक जात नाही. एक नाणे रुपयाचे, दुसरे पाचाचे घेतले आणि उडवत बसले, की छापा-काटा आणि काटा-छापा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे हाताला कळते. वेळखाऊ आहेच. समजायला वेळ लागतो.

आणि सलग चार काटे पडले की मागच्या बाकावरून आवाज येतो, "बाई, आता छापो येतलोच!" तिथे मी थांबते. कारण हेच वाक्य मी बाळंतिणीच्या घरी ऐकले आहे. तीन मुली झाल्या, आता मुलगाच होणार. चौथी मुलगी झाली की सगळे त्या बाईकडे बघतात. नाण्याला आठवण नसते, हे माझ्या वर्गातल्या मुली तेराव्या वर्षी स्वतः मोजून शिकतात. हा उपक्रम टाळावा, असे शेरेबुक सांगते.

जुगाराचे म्हणाल, तर तो आमच्या वाडीत माझ्या आधीपासून आहे. मटक्याच्या आकड्याला एकाचे नऊ मिळतात. आकडे दहा. म्हणजे दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा रुपये जाऊन नऊच परत येतात, आणि हा एक रुपया रोज गावातून जातो. आठवीच्या मुलांनी हा हिशेब वर्गात केला, त्या संध्याकाळी त्यांतल्या काहींनी तो घरी वडलांना करून दाखवला. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालायला संसदेला २०२५ चा ऑगस्ट उजाडला. कायदा हवाच. पण मुलाच्या डोक्यातला हिशेब कोण करणार? तो शिकवला म्हणून माझ्यावर शेरा.

मागच्या वर्षी एका प्रशिक्षणात एका मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता. प्रत्येक उच्च प्राथमिक शाळेला पर्जन्यमापक देऊ, बाईंचा तक्ता जिल्हाभर नेऊ. टाळ्या झाल्या, फोटो झाले. पर्जन्यमापक आला नाही. स्मरणपत्रे पाठवली, उत्तर नाही. आले ते मतदार याद्यांचे काम, पोषण आहाराच्या ऑनलाइन नोंदी, माहितीचे तक्ते, तीच माहिती पुन्हा वेगळ्या रकान्यांत. नेट मिळावे म्हणून मी सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या पठारावर, जाऊन उभी राहते. घरी आजारी सासू, परत येईपर्यंत अंधार. गणित शिकवायचे ते या सगळ्यातून उरलेल्या तासात.

आता तोही उरणार नाही. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या, शासन निर्णयात सहावी ते आठवीचा पट विसाच्या खाली गेला तर शिक्षकाचे पद शून्य झाले. आमचा पट विसाच्या खाली आहे. मी 'अतिरिक्त' ठरणार, असे मला तोंडी कळवले आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की सहावी ते आठवीला विज्ञान-गणिताचा एक, सामाजिक शास्त्राचा एक, भाषेचा एक, असे शिक्षक हवेतच. कायदा मोठा की शासन निर्णय, हे आपणच सांगा. कोकणातल्या वाड्या विखुरलेल्या, घरटी माणसे मुंबईला, पट वाढणार कुठून? मग मुलांनी पावसाळ्यात साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, ओलांडून, खाडीला वळसा घालून पलीकडच्या गावात जायचे. ज्यांना जमणार नाही त्या मुली घरी बसतील. मुंबईत बसून पट मोजणाऱ्यांनी साकवावरून वाहणारे पाणी कधी मोजले आहे?

महोदय, नवी पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने येत आहेत, पहिलीचे आले. सहावी ते आठवीची लिहिली जातील तेव्हा त्यांत शक्यता घाला, आणि पत्त्यांऐवजी पाऊस, भरती-ओहोटी, मोहर, शिंपले यांनी सुरुवात करा. दिलेला शब्द पाळून शाळांना पर्जन्यमापक द्या, त्याची किंमत एका उद्घाटनाच्या मंडपाहून कमी असते. पट कितीही असो, सहावी ते आठवीला गणिताचा एक शिक्षक ठेवा. आणि माझ्या शाळेच्या शेरेबुकातला तो शेरा रद्द झाल्याचे लेखी कळवा. वर्तणूक नियमांचा बडगा असल्याने इथे नाव लिहीत नाही, पण या पत्राची सही केलेली प्रत रजिस्टर पोस्टाने आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. उत्तर संचमान्यतेच्या आधी यावे, नंतर ते घ्यायला शाळेत मी नसेन.

आपली,
देवगड तालुक्यातील एक गणित शिक्षिका