क्रूमचा विजय खिंडीतल्या मेढेकोटाचा

मा. संपादक,
स. न.

रविवार पुरवणीत बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) साम्राज्य आणि बल्गार यांच्या युद्धांवर लेख आला, फार बरे वाटले. मराठीत हा विषय क्वचितच वाचायला मिळतो. पण ८११ सालच्या लढाईची बहुतेक जागा बायझंटाइन सम्राट निकेफोरोसच्या कवटीला चांदी मढवून बल्गार राजा खान क्रूमने केलेल्या पेल्याने खाल्ली. सम्राट त्या सापळ्यात अडकला कसा, हे सांगायचे राहूनच गेले.

निकेफोरोसने बल्गारांची राजधानी प्लिस्का लुटली, क्रूमचा लाकडी वाडा जाळला. ‘जिंकलात, हवे ते घ्या आणि सुखाने जा,’ हा क्रूमचा निरोपही धुडकावला. तोवर परतीची खिंड मात्र बल्गारांच्या हाती गेली होती. त्यांनी दोन दिवसांत ओंडके बांधून मेढेकोट उभा केला आणि त्याच्या पलीकडच्या अंगाला खोल खंदक ठेवला. खंदक पलीकडे, ही खरी मेख! आता पंख फुटले तरी सुटका नाही, असे सम्राट म्हणाल्याची नोंद ग्रीक बखरकाराने केली आहे.

२६ जुलैच्या शनिवारी पहाटे छापा थेट सम्राटाच्या तंबूवर पडला. बाकीच्या पलटणींचे तळ लांब लांब होते, त्यामुळे वेळेवर मदत पोचलीच नाही. पळणाऱ्यांनी घोडी नदीत घातली, तर तळाशी दलदल. माणसे-घोडी रुतून नदी इतकी भरली की पाठलाग करणारे त्यांच्यावरूनच पार झाले. मेढेकोटापर्यंत पोचलेले घोडी सोडून वर चढले आणि पलीकडे खंदकात कोसळून हातपाय मोडून बसले. काहींनी लाकडाला आग लावली. बांधलेले दोर जळताच कोट खंदकावर आडवा झाला आणि त्यावरून धावलेले घोड्यांसकट आगीत पडले. निकेफोरोस स्वतः मारला गेला; इ.स. ३७८ नंतर रणात पडलेला हा पहिला रोमन सम्राट. त्याचा मुलगा स्टाव्राकिओस मणक्याला जबर जखम घेऊन सुटला, पण काही महिन्यांतच गेला.

१०१४ च्या क्लीडिओनच्या लढाईबद्दलही लेखात फक्त बायझंटाइन सम्राट दुसऱ्या बासिलने आंधळे केलेल्या १५,००० बल्गार कैद्यांचा आकडा आहे. (एका जुन्या लेखकाने तो १४,००० दिला आहे.) तिथेही बल्गार झार (राजा) सामुईलने मेढेकोट घालूनच खिंड रोखली होती आणि दुसऱ्या बासिलचे समोरून केलेले हल्ले वाया जात होते. तेव्हा बासिलचा सेनापती निकेफोरोस क्सिफियास पायदळ घेऊन बेलासित्सा डोंगराला दक्षिणेकडून वळसा घालून गेला आणि २९ जुलैला बल्गारांच्या पाठीवर उतरला. राखणदार पळाले, मग बासिलच्या माणसांनी तो ओस पडलेला कोट पाडून वाट मोकळी केली.

आपला,
एक वाचक