आमच्या टेबलाचा डावा कोपरा: माजी विद्यार्थ्यांना आवाहन

माजी विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

वसतिगृहाच्या कॉमन रूममधली टेबल टेनिसची रात्रीची टकटक तुम्हाला वेगळी सांगायला नको. जिंकेल तो टेबलावर, हरेल तो रांगेच्या शेवटी, हा कायदा अजून तसाच आहे. तुमच्यापैकी अनेक जण २१ गुणांचा गेम आणि पाच-पाच सर्व्हिस खेळलेले. २००१ पासून गेम ११ गुणांचा झाला, सर्व्हिस दोन-दोनवर आली आणि आमची रांग जरा लवकर पुढे सरकू लागली. तरी ड्यूस (१०-१० अशी बरोबरी) लांबला की मागून ओरडा होतोच. पहिल्या वर्षाची मुलगी पीएच.डी.वाल्या दादाला हरवते आणि पुढच्या गेमला त्याच्याकडूनच गुण मोजून घेते, असे दुसरीकडे फारसे घडत नाही.

अडचण टेबलाची आहे. नियमाप्रमाणे ३० सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू टेबलावर साधारण २३ सेंटिमीटर उसळायला हवा, आणि तोही सगळीकडे सारखा. आमच्या टेबलाचा डावा कोपरा ओल धरून फुगला आहे. तिथे चेंडू पडतो आणि बसतोच. मुले मुद्दाम तिथेच सर्व्हिस टाकायला शिकली आहेत. (खरे सांगायचे तर त्यात आम्ही पदाधिकारीही आलो.) आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चांगल्या टेबलावर ही हुशारी पहिल्या गेमलाच उघडी पडते. नेट मधोमध सैल पडले आहे. १५.२५ सेंटिमीटर उंची भरावी म्हणून खाली वही सरकवतो.

म्हणून दोन नवी टेबले, क्लॅम्पसह दोन नेट आणि टेबलावर सावली न पाडणारे दिवे यांसाठी मंडळ मदत मागत आहे. टेबल असते २.७४ मीटर लांब, पण खेळाडूला मागे सरकायला जागा लागते. ती आम्ही जुनी कपाटे हलवून केली आहे, त्याचा खर्च तुमच्यावर नाही.

पैशांची मदत विद्यापीठाच्या खात्यातच जमा करावी आणि पावती घ्यावी. मंडळाच्या कोणाही सदस्याच्या हाती रोख देऊ नये. मागितली तर आम्हाला जरूर कळवावे.

वस्तूही चालतील. माळ्यावरची जुनी बॅट टाकून देऊ नका: रबर कडक होऊन गुळगुळीत झाले असले तरी लाकूड शाबूत असेल तर नवे रबर चिकटवता येते. चेंडू मात्र ४० मिलिमीटरचे, प्लॅस्टिकचे हवेत. सेल्युलॉइडचे जुने ३८चे आठवण म्हणून घरीच ठेवा.

टेबले आली की पहिली संध्याकाळ माजी विद्यार्थ्यांची. बॅट घेऊन या. रांग मात्र तुम्हालाही चुकणार नाही.

आपले,
विद्यार्थी क्रीडा मंडळाचे पदाधिकारी