तिसरी वही थांबवू नका

बेंगळुरू,
रविवार, 4 जानेवारी 2026

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहायला बसले.

काल आई बोलता बोलता म्हणाली, की दिवाळीनंतर बाबांनी आजोबांच्या रोजनिशीचं कॉम्प्युटरवरचं टायपिंग बंदच केलंय. "हात चालत नाहीत आता, भलतंच दाबलं जातं आणि सगळं अडकून बसतं," असं म्हणतात म्हणे. बाबा, ते ऐकल्यापासून मला चैन नाही. दिवाळीत मी तुमच्या शेजारीच बसले होते. तुम्ही अक्षर बरोबर दाबत होतात. ते पडद्यावर उमटायलाच वेळ लागायचा, म्हणून तुम्ही पुन्हा दाबायचात आणि मग दोन्ही एकदम यायची. यात तुमच्या हातांचा काडीचाही दोष नाही.

त्याच वेळी मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरचा कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारी खिडकी, उघडून पाहिला होता. प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला, आणि डिस्क 100 टक्क्यांवर. 4 जीबी रॅम, म्हणजे चालू काम ठेवायची तात्पुरती जागा, काठोकाठ भरलेली. रॅममध्ये जागा उरली नाही की विंडोज उरलेला पसारा हार्ड डिस्कवर टाकतं, आणि आपल्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात मंद तीच आहे. तिच्या आत खरोखरची चकती असते, मिनिटाला 7200 फेरे घेणारी, आणि एक बारीक दांडी त्या चकतीवर पुढेमागे सरकत माहिती शोधते. दर वेळी सेकंदाचा साधारण शंभरावा भाग जातो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण कॉम्प्युटर सुरू होताना हजारो लहान फायली उघडतात. बटन दाबून तुम्ही दूध आणायला जाता आणि परत येईपर्यंत तो सुरूच होत असतो, त्याचं कारण हे. एसएसडी ही नव्या प्रकारची डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, सगळं चिपवर. तीच माहिती तिथे शंभरपट लवकर हाती लागते.

दुकानात तुम्हाला "बाबूजी, अब इसमें कुछ नहीं बचा, नया ले लो" असं सांगून चाळीस हजारांचा आकडा दिला, त्याचं मला फार वाईट वाटलं. झाकण उघडूनसुद्धा पाहिलं नाही त्यांनी! 2014 साली तुम्ही माझ्या इंजिनिअरिंगसाठी तो घेतलात तेव्हा घरात काय काय पुढे ढकललं गेलं, ते मला ठाऊक आहे. त्याला कबाड्याकडे जाऊ द्यायचं नाही.

मी 12 तारखेला इंदूरला येते, संक्रांत करूनच परत निघेन. इथल्या एसपी रोडवरून 500 जीबीची एसएसडी आणि 4 जीबी रॅमची एक पट्टी घेऊन येते. तुम्ही तिकडे काही विकत घेऊ नका. आपल्या मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या आतल्या मुख्य पाटीला, डीडीआर 3 प्रकारची रॅम लागते. डीडीआर 4 ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. एसएसडी मात्र जुन्याच साटा वायरवर लागते. झाकण उघडलंच आहे तर पंख्यावरची मेणचटलेली धूळ काढून प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारी थर्मल पेस्टही बदलीन. माळव्यातला मे महिना त्यालाही सोसायचा आहे.

आई, वीजबिल भरताना "कनेक्शन सुरक्षित नाही" असं येतं आणि तू घाबरून सगळं बंद करतेस ना? कोपऱ्यातली तारीख बघ, जुनीच कुठली तरी असेल. मदरबोर्डवर नाण्याएवढा 3 व्होल्टचा सेल असतो, सीआर 2032. तो संपला की रात्री भिंतीवरचं बटन बंद केल्यावर घड्याळ मागे जातं. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. तारीख चुकली की ब्राउझरला ते प्रमाणपत्रच खोटं वाटतं. तू बटन बंद करतेस ते योग्यच आहे, तसंच करत राहा. सेल मी बदलते.

एक गोष्ट मात्र तुम्हाला कदाचित रुचणार नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची एक चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आपला आय-थ्री चौथ्या पिढीचा. अट चुकवून ते चढवता येतं, पण ज्यावर आई पैसे भरते तिथे मला तसलं काही नको. म्हणून एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली घालू या. मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक तिथेही हाच आहे, 'क' आहे तिथेच राहील. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून प्रिंटर ओळखतो का तेही बघते. जुनी डिस्क पुसायची नाही. नाही आवडलं तर ती पुन्हा जोडू.

माझी वाट न बघता एक काम आजच करा. 'रोजनिशी' फोल्डरची एक प्रत कपाटातल्या निळ्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसरी मला मेल करा. हार्ड डिस्क जाताना सांगून जात नाही. आजोबांचं होळकरांच्या कचेरीतलं ते मोडी वाचू शकणारे आपल्या घरात तुम्ही एकटेच आहात, बाबा. दोन वह्यांची ती मेहनत पुन्हा होणार नाही. डिस्कमधून टक-टक असा आवाज आला तर लगेच बंद करा, मी येईपर्यंत हातही लावू नका.

आई, तिळगूळ मी आल्यावर करू या. आणि एका रात्री सराफ्यात गराडू खायला तिघंही जायचं, गुडघ्यांचं कारण चालणार नाही, रिक्षा करू.

तिसऱ्या वहीत जिथे थांबलात तिथे खूण घालून ठेवा, बाबा. 13 ला दुपारी झाकण लावून झालं, की तुम्ही वाचा आणि पहिलं पान मी टाइप करते, पुढचं तुम्ही.

तुमची,
मनू