पोलाद फुगते, त्याचे काय?

मा. संपादक,

हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या संलयन अणुभट्टीच्या बातम्यांत प्लाझ्माच्या, म्हणजे आतल्या अतितप्त विद्युतभारित वायूच्या, तापमानाचेच कौतुक असते. भिंतीच्या पोलादाबद्दल चकार शब्द नसतो. संलयनातून सुटणारे १४.१ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे न्यूट्रॉन पोलादातले अणू जागेवरून उडवतात, शिवाय त्यातच हेलियम तयार करतात. रिकाम्या जागा एकवटून पोकळ्या होतात आणि हेलियम त्यांना मिटू देत नाही. ३१६ जातीचे स्टेनलेस पोलाद सुरुवातीला तग धरते. नंतर ४०० ते ६०० अंश सेल्सिअसदरम्यान, प्रत्येक अणू सरासरी आणखी एकदा विस्थापित झाला की दर वेळी आकारमान सुमारे १ टक्का वाढते. नळ्या वाकतात, जोड ताणले जातात. ९ टक्के क्रोमियमचे, टंगस्टन-टँटलमयुक्त पोलाद कितीतरी कमी फुगते. भारतातही ते बनवले आहे. मात्र सुमारे ३५० अंशांखाली न्यूट्रॉनांच्या माऱ्याने ते ठिसूळ होते. हेही छापावे, ही कळकळीची विनंती.

– धातुशास्त्राचे अभ्यासक, पुणे