दुसरा गाइड कोण, हे आधी विचार

नेरुळ, नवी मुंबई

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पृथ्वीविज्ञानाच्या पीएचडीची सगळी माहितीपत्रकं वाचून काढली. परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, सगळीकडे तेच लिहिलंय. पृथ्वी ही एक प्रणाली आहे, आम्ही सगळे विषय एकत्र आणतो. मग निवडायचं कशावरून?" तेव्हा घाईत उत्तर देववलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

पहिल्या पानांवर खरंच सगळीकडे तेच आहे. फरक आहे तो मागे, नियमांच्या पानांत. नोकरीभर निविदा वाचल्यामुळे मला आधी अटी वाचायची सवय आहे. त्या अटी वाचताना एक प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. तुझ्या प्रबंधावर देखरेख ठेवणाऱ्या समितीवर दुसऱ्या विषयाचा जो माणूस असेल, त्याच्या शब्दाला तिथे वजन आहे का, की तो नावापुरताच आहे?

आपले धारण तलाव आठव. खाडीकाठची जमीन इतकी सखल, की भरतीच्या वेळी पावसाचं पाणी खाडीत जाऊच शकत नाही. म्हणून हॉलंडच्या धर्तीवर हे तलाव ठेवले. भरतीला झडपा मिटतात, गटारांचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की बाहेर पडतं. कागदावर हा निव्वळ पाण्याच्या गणिताचा विषय. पण खाडी गाळ आणते, गाळावर तिवरं, म्हणजे खारफुटी, उगवतात, तलाव उथळ होतो. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे गाळ काढायचा तर परवानग्या लागतात. वर साडेचार मीटरच्या पुढची भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले, की पाणी थेट रस्त्यावर. या कामाच्या बैठकांना मी वर्षानुवर्षं बसले. पाण्याचा अभ्यास करणारे, वनस्पतींचे जाणकार, पावसाची आकडेवारी देणारे, वकील, सगळे असायचे, आणि प्रत्येकाचा अहवाल आपल्या जागी बरोबर असायचा. ते अहवाल एकमेकांशी पडताळून बघणं मात्र कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. सही एका विभागाची, बाकीच्यांचं म्हणणं परिशिष्टात. तुझा प्रबंध असा होऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.

हा तिढा पृथ्वीविज्ञानात जुना आहे. गिल्बर्ट वॉकर मुळात केंब्रिजचा गणिती. दुष्काळांनी देश होरपळला होता आणि मान्सूनचा अंदाज हवा होता, म्हणून १९०४ मध्ये त्याला भारतीय हवामान खात्याचा प्रमुख केलं. त्याने जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे मांडले आणि प्रशांत महासागराच्या दोन टोकांना दाब उलटसुलट वरखाली होतो हे दाखवलं. पण असं का होतं, हे त्याला सांगता आलं नाही. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे कोळी ज्याला एल निनो म्हणत, त्या तापलेल्या समुद्राशी हा दाब जोडला गेला तो याकोब ब्यर्कनेसच्या १९६९ च्या निबंधात. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात समुद्र आणि हवा दोन्हींची मोजमापं झाली आणि नेमका तेव्हाच मोठा एल निनो आला, म्हणून हे शक्य झालं. त्याच १९६९ मध्ये स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी समुद्र आणि वातावरण जोडलेलं पहिलं हवामान मॉडेल, म्हणजे संगणकावरचं गणित, प्रसिद्ध केलं. मानाबे वातावरणाचा, ब्रायन समुद्राचा. दोघांचं नाव एकाच निबंधावर. पुढे २०२१ मध्ये मानाबेला नोबेल मिळालं, तेही भौतिकशास्त्राचं. मानाबेला समुद्राचं ज्ञान लागलं, पण त्यासाठी तो समुद्रशास्त्रज्ञ झाला नाही. त्याने ब्रायनला बरोबरीने घेतलं. तुझ्यासाठी हा ब्रायन कोण, हे शोधायचं आहे.

आता रचनेकडे येते. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण आणि शेवटी बाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडून तपासणी. (मुलींना दोन वर्षं वाढवून मिळतात आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजाही आहे. आज त्याचं काही नाही, पण माहीत असू दे.) पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत काम संस्थेत चालतं आणि पदवी विद्यापीठाची मिळते, म्हणजे दोन ठिकाणचे नियम सांभाळावे लागतात. त्या बदल्यात पृथ्वी प्रणालीचं देशातलं पहिलं मॉडेल जिथे उभं राहिलं, तिथे तुला काम करायला मिळेल. ही मोठी गोष्ट आहे. पवईच्या आयआयटीत हवामान अभ्यासाचं आंतरविद्याशाखीय केंद्र आहे. तिथे निरनिराळ्या विभागांतले प्राध्यापक गाइड म्हणून मिळू शकतात आणि दर वर्षी प्रगतीचं सेमिनार द्यावं लागतं.

अमेरिकेत साधारण पाच वर्षं धरून चाल. पहिली एक-दोन वर्षं वर्गात जातात, मग क्वालिफायर, म्हणजे पुढे जाण्यासाठीची पात्रता परीक्षा, त्यानंतर चार-पाच जणांची समिती. जर्मनीत सहसा एमएससी झालेल्यालाच घेतात, अभ्यासक्रम कमी आणि पहिल्या महिन्यापासून प्रश्नावर काम. हॅम्बर्गच्या माक्स प्लांक संस्थेच्या पृथ्वी-प्रणाली मॉडेलिंगच्या संशोधन शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याला गाइड, सह-गाइड आणि वेगळा अध्यक्ष असं पॅनेल मिळतं. ही पद्धत मला मनापासून आवडली. गाइडशी मतभेद झाला, तर तो मांडायला जागा आहे.

तरी माझं मत विचारशील, तर तुला पहिल्या वर्षी वर्गात बसायची गरज आहे. तुझं द्रवगतिकीचं गणित पक्कं आहे, पण मातीतला नत्र, वनस्पतींचं श्वसन, समुद्रात विरघळणारा कार्बन हे तू बारावीनंतर हातात धरलेलं नाहीस. जिथे हे विषय सगळ्यांना सक्तीचे आहेत आणि क्वालिफायरमध्ये त्यावर प्रश्न विचारतात, तिथे तुला ते शिकावेच लागतील. जिथे "गरजेप्रमाणे निवडा" एवढंच लिहिलंय, तिथे पहिल्या सत्राच्या घाईत तू पुन्हा गणितच निवडशील. मी तुला ओळखते.

मूळ विषय मात्र सोडू नकोस. पदव्या आंतरविद्याशाखीय होऊ लागल्या आहेत, पण प्राध्यापकांच्या जागा अजून बहुतेक विभागवार निघतात. मुलाखतीत "तुमचा विषय कोणता?" याला एका वाक्यात उत्तर हवं. तुझं उत्तर भौतिकशास्त्र. खाडीतला गाळ आणि खारफुटी हा तुझा प्रश्न, आणि त्याकडे तू भौतिकशास्त्रातून जाणार.

पैशाचंही बघ. नेट परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफचे (वरिष्ठ शिष्यवृत्तीचे) ४२,०००, शिवाय घरभाडं. ती तुझ्या नावावर असते. प्रकल्पाच्या पैशावर गेलीस, तर प्रकल्प संपल्यावर पुढे काय, हे आधी विचार. शिवाय प्रकल्पाचा प्रश्न गाइडने आधीच ठरवलेला असतो, त्यात दुसऱ्या विषयाचा सह-गाइड मागणं अवघड जातं. म्हणून डिसेंबरच्या नेटचा अभ्यास सोडू नकोस, बाहेरचे अर्ज चालू असले तरी.

उत्तर कळवण्याआधी प्रत्येक ठिकाणच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोल. सह-गाइड वर्षातून कितीदा भेटतो? त्याने सांगितलं म्हणून एखादं प्रकरण कधी बदललं का? दोन्ही गाइड एकत्र नाव देऊन निबंध छापतात का? क्वालिफायरला नापास झालेल्यांचं पुढे काय झालं? हे माहितीपत्रकात मिळणार नाही, आणि विद्यार्थी लपवत नाहीत.

बाबांचं म्हणणं पुणेच बरं, डेक्कन क्वीनने घरी येता येईल. त्याकडे लक्ष देऊ नकोस.

खारफुटीवर काम करणाऱ्या ज्या दोन शास्त्रज्ञांना तू लिहिणार आहेस, त्या मेलचा मसुदा या रविवारपर्यंत मला पाठव. धारण तलावांबद्दलचा परिच्छेद मी तपासून देते. झडपा कोणत्या पातळीला मिटतात, हे त्यात चुकीचं जायला नको.

तुझी,
आई