सामू ७.९, पण किती वाजता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘समुद्र आम्ल झाला’ अशा अर्थाचा मथळा आपल्या पुरवणीत वाचला. बातमीमागची काळजी रास्त आहे. माझी तक्रार मथळ्याबद्दल आहे, आणि त्याहून जास्त बातमीतल्या एकुलत्या एका आकड्याबद्दल. उष्ण कटिबंधातल्या एका किनाऱ्यावर पाण्याचा सामू (म्हणजे pH, आम्ल-अल्कपणाचे माप) ७.९ भरला, एवढेच त्यात आहे. तो पहाटे मोजला की भर दुपारी, भरतीला की ओहोटीला, पाणी किती अंशांवर होते, कशाचाच पत्ता नाही. आयुष्यातली बरीच वर्षे प्रयोगशाळेत हातात ब्युरेट (द्रावण थेंबाथेंबाने मोजायची नळी) धरलेल्या माणसाला असा आकडा अर्धाच वाटणार.

आधी मथळ्याचे बघू. सामू ७ च्या खाली गेला की द्रावण आम्लधर्मी. समुद्राच्या वरच्या थराचा सरासरी सामू औद्योगिक क्रांतीपूर्वी ८.२ च्या आसपास होता, आता तो ८.१ च्या आसपास आहे. म्हणजे पाणी अजून अल्कधर्मीच आहे, फक्त आम्लाच्या दिशेने सरकते आहे. तरी त्या ०.१ ला कोणी हसू नये. मोजपट्टी लॉगॅरिदमची, म्हणजे एका अंकामागे दहापट बदलणारी, असल्याने एवढ्या घसरणीत आम्लपणा देणारे हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्क्यांनी वाढतात. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास पाव हिस्सा समुद्र शोषतो. त्याचे कार्बोनिक आम्ल होते, त्यातून सुटलेला हायड्रोजन पाण्यातल्या कार्बोनेटला धरून त्याचे बायकार्बोनेट करतो. आणि प्रवाळांना, शिंपल्यांना, कालवांना घर बांधायला हवे असते ते नेमके कार्बोनेट.

हे झाले खुल्या समुद्राचे. किनाऱ्याजवळ याच पाण्यात दहा जणांचे हात असतात. दिवसा शेवाळ आणि समुद्री गवत कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, सामू चढतो. रात्री सगळेच श्वास सोडतात, सामू उतरतो. उथळ प्रवाळपट्ट्यांवर हा रोजचा चढउतार त्या दोनशे वर्षांच्या ०.१ पेक्षा मोठा असू शकतो. ओहोटीला खारफुटीतून कुजलेल्या पालापाचोळ्याचे पाणी बाहेर येते, त्याचा सामू मुळातच कमी. पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी आम्ल पचवण्याची समुद्राची ताकद, म्हणजे त्याची अल्कता, बहुतेक ठिकाणी पातळ करते. वारा अनुकूल असला की खोलातले, कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी वर येते. सांडपाण्यावर शैवाल माजते, मरते, कुजते, त्याची भर निराळीच. तेव्हा ७.९ हा आकडा जागतिक संकटाचा पुरावा असेल, किंवा नुसता पहाटेच्या ओहोटीचा.

मोजणाऱ्याच्या चुका वेगळ्याच. सामूची कल्पना डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये मांडली ती कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत. समुद्र काही त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता. खाऱ्या पाण्यासाठी पुढे वेगळी मापश्रेणी बेतावी लागली. नेहमीच्या बफरवर (ठरलेल्या सामूच्या द्रावणावर) जुळवलेला सामू मोजायचा इलेक्ट्रोड आणि समुद्रशास्त्रज्ञांची खाऱ्या पाण्यासाठीची ‘टोटल’ मापश्रेणी यांत सुमारे ०.१३ चा फरक पडतो. शिवाय ३० अंशांचे पाणी बाटलीत भरून २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत मोजले, तर सामू सुमारे ०.०८ ने जास्त दिसतो. कोणती मापश्रेणी आणि कोणते तापमान हे लिहायचे राहिले की दोनशे वर्षांचा बदल कागदावर उगवतो किंवा गायब होतो.

म्हणून जाणकार एकट्या सामूवर विसंबत नाहीत. सामू, एकूण अल्कता, विरघळलेला एकूण अजैव कार्बन (कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट, कार्बोनेट मिळून) आणि कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब या चारांतले दोन नीट मोजले की उरलेले गणिताने काढता येतात. सोबत तापमान आणि क्षारतेची, म्हणजे खारटपणाची, नोंद मात्र हवीच. बाटली उतू जाईपर्यंत भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि लगेच थेंबभर मर्क्युरिक क्लोराइड हे जंतुनाशक विष टाकायचे, नाहीतर उष्ण पाण्यातले जिवाणू प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नमुनाच बदलून टाकतात. (ते विषारी पाणी नंतर कुठे टाकायचे, ही डोकेदुखी ज्याची त्याला ठाऊक.) पडताळ्यासाठी कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेने प्रमाणित केलेले समुद्राचे पाणी जगभर वापरले गेले आहे. इतकी काटेकोरी लागते, कारण हवाईजवळच्या खुल्या समुद्रात १९८८ पासून जवळजवळ दरमहा चाललेल्या नोंदींत सामूची घट वर्षाला ०.००२ हूनही कमी आहे. किनाऱ्याच्या गोंगाटात एवढी बारीक रेघ दिसायला कधी काही दशके लागतात. आणि आपल्याकडचे संशोधन प्रकल्प बहुधा तीन वर्षांचे! पाण्यात सोडलेल्या सेन्सरवर काही आठवड्यांत शेवाळ चढते. ते खरवडायला जाणाऱ्या होडीचा खर्च प्रकल्पाबरोबरच संपतो.

यावर कोणी म्हणेल, रोजच एवढा चढउतार असतो, तर किनाऱ्यावरच्या जिवांना सवय झालीच असणार. त्यांनी पापुआ न्यू गिनीकडे पाहावे. तिथल्या मिल्न बे भागात समुद्रतळातून नैसर्गिकरीत्या कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात, म्हणून जवळच्या पाण्याचा सामू कमी असतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात बुडबुड्यांजवळ गोट्यासारखे ढोबळ, पोरायटिस गटाचे प्रवाळ टिकलेले आढळले, पण माशांच्या पिलांना आसरा देणारे फांद्याफांद्यांचे प्रवाळ विरळ झालेले होते. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहूनही सगळ्यांना सवय झालेली नाही.

माझी विनंती छोटी आहे. पुढच्या वेळी सामूचा आकडा छापाल तेव्हा शेजारी वेळ, भरती-ओहोटी, तापमान, मापश्रेणी आणि जमल्यास अल्कता द्यावी. आणि बातमीदाराने संशोधकांना एवढे जरूर विचारावे, की त्याच जागेची गेल्या वर्षीची नोंद आहे का, आणि पुढच्या वर्षीच्या नोंदीचे पैसे मंजूर झाले आहेत का. उत्तर ‘नाही’ आले, तर मथळा त्याचा करावा.

आपला,
एक नियमित वाचक